घरावर सोलर आहे, तरी रात्री अंधार का? जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून समजून घ्या

राज्य सरकारच्या 'स्मार्ट' योजनेबद्दल तुम्ही ऐकलं असेल. पूर्ण नाव, स्वयंपूर्ण महाराष्ट्र आवासीय रूफटॉप योजना. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला १ किलोवॅटच्या सोलरसाठी केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५०० रुपये मिळणार आणि घरच्यांनी भरायचे साधारण २,५०० रुपये, असा त्याचा हिशोब आहे. अनुसूचित जमातीचा ग्राहक असेल आणि महिन्याचा वापर १०० युनिटच्या आत असेल, तर भरायचे साधारण ५,०००. जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातले दोन्ही तालुके आदिवासीबहुल. त्यामुळे ही योजना कुणासाठी, असं विचारलं तर पहिलं बोट इकडेच जायला हवं.

पण या भागात सोलर काही पहिल्यांदा येत नाहीये. सरकारी योजनांमधून, संस्थांकडून, कंपन्यांच्या सीएसआरमधून गेली कित्येक वर्षं पाड्यांवर सोलर प्लेटा लागतायत. काही ठिकाणी प्लेट अजून छपरावर आहे, काचेला तडासुद्धा नाही, आणि खाली घरात मोबाइलची बॅटरी लावून स्वयंपाक चाललाय. असं का होतं? प्लेट खराब निघाली म्हणून? बहुतेक वेळा नाही. मग नेमकं काय बिघडतं, ते घरच्या घरी कसं ओळखायचं, आणि दुरुस्तीची जबाबदारी कुणाची, हे समजून घेऊ.

आधी एक गोंधळ दूर करू: सोलर दोन प्रकारचं असतं

'सोलर बसवलं' या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिलं ऑन-ग्रिड. छपरावर प्लेटा, एक इन्व्हर्टर, आणि महावितरणचा नेट मीटर. बॅटरी नाही. दिवसा तयार झालेली वीज आधी घरात वापरली जाते, उरलेली तारेतून महावितरणकडे जाते आणि बिलातून वजा होते. 'प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना' ही प्रामुख्याने याच प्रकाराची. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती २९ फेब्रुवारी २०२४ ला मंजूर केली. एक कोटी घरं, ७५,०२१ कोटी रुपये आणि ३ किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान, असा तिचा आवाका. 'स्मार्ट' योजना याच्यावरच राज्याची भर टाकते.

दुसरं ऑफ-ग्रिड, म्हणजे बॅटरीवालं. प्लेट, चार्ज कंट्रोलर, बॅटरी, आणि त्यावर चालणारे डीसी बल्ब किंवा पंखा. महावितरणच्या तारेशी याचा संबंध नाही. पाड्यांवर वर्षानुवर्षं जे सोलर दिलं गेलं ते बहुतेक हेच.

आता महत्त्वाची गोष्ट. लाइट गेली की ऑन-ग्रिड सोलरसुद्धा बंद पडतं. भर दुपारी, डोक्यावर रखरखीत ऊन असताना. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे. लाइन बंद करून वायरमन खांबावर चढलाय आणि तुमच्या घरातून तारेत वीज येतेय, असं झालं तर त्याचा जीव जाईल. म्हणून इन्व्हर्टर सतत तारेतल्या विजेवर लक्ष ठेवतो आणि ती गेली की स्वतःला लगेच बंद करून घेतो.

पुणे-ठाण्याच्या सोसायटीत याने फारसं बिघडत नाही. जव्हार-मोखाड्यात बिघडतं. इथे तारा जंगलातून आणि घाटातून येतात. पावसाळ्यात एखादं झाड तारेवर पडलं की ते शोधून, तोडून, लाइन चालू करायला वेळ लागतो. अशा वेळी ऑन-ग्रिड सोलर असलेलं घर आणि नसलेलं घर, दोन्हींत सारखाच अंधार. योजना बिल कमी करते, अंधार कमी करत नाही. ज्या घरात महिन्याचा वापरच ३०-४० युनिट आहे तिथे नेमकी अडचण कुठली, बिलाची की अंधाराची, हे अर्ज भरण्याआधी विचारायला हवं. लाइट गेल्यावरही दोन बल्ब चालावेत असं वाटत असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. अनुदान प्लेटांच्या क्षमतेवर मिळतं, बॅटरीचा खर्च आपला. ही गोष्ट विकणाऱ्याने आधी सांगितली नसेल तर सही करण्यापूर्वी तुम्हीच काढा.

पाच वर्षांचं घड्याळ

२५ सप्टेंबर २०१७ ला केंद्राने 'सौभाग्य' योजना जाहीर केली. प्रत्येक घरात वीज. जिथे तार नेणं परवडत नाही अशा दुर्गम घरांना ऑफ-ग्रिड सोलर द्यायचं ठरलं. २०० ते ३०० वॅटची प्लेट, बॅटरी, ५ एलईडी दिवे, १ डीसी पंखा, १ डीसी प्लग. आणि सोबत ५ वर्षांची देखभाल-दुरुस्ती.

पाच वर्षं. २०१८-१९ मध्ये ज्यांना हे संच मिळाले त्यांचं घड्याळ २०२३-२४ मध्ये थांबलं. योगायोग बघा, घरगुती संचातली लेड-ॲसिड बॅटरी नीट सांभाळली तरी साधारण ३ ते ५ वर्षंच टिकते. म्हणजे सगळ्यात महाग सुटा भाग बदलायची वेळ येते आणि नेमकी तेव्हाच कंत्राटदाराची जबाबदारी संपते. प्लेट मात्र २०-२५ वर्षं चालणारी. एका छपरावर दोन वेगळी आयुष्यं बांधलेली असतात, आणि योजनेच्या कागदावर फक्त छोटं आयुष्य मोजलेलं असतं.

पुढच्या योजना आल्यातच. 'पीएम-जनमन'खाली जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज न पोहोचलेल्या अतिमागास आदिवासी कुटुंबांसाठी ५१५ कोटींची सोलर योजना मंजूर केली. लक्ष्य एक लाख घरं, ०.३ किलोवॅटच्या ऑफ-ग्रिड संचासाठी घरटी ५०,००० रुपयांपर्यंत. महाराष्ट्रात या गटात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड येतात, आणि जव्हार-मोखाड्यात कातकरी वस्त्या आहेत. शेतीसाठी 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आहे, आदिवासी शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरून. त्यातही दुरुस्तीची हमी ५ वर्षांचीच.

सहाव्या वर्षी काय, हा प्रश्न प्रत्येक योजनेत मोकळा राहतो. ती जागा सध्या गावातला एखादा 'थोडंफार वायरिंग येणारा' पोरगा भरून काढतोय. त्याच्याकडे मल्टिमीटर असतोच असं नाही.

बंद पडलं, तर आधी काय बघायचं?

इथे जरा थांबून बघू, कारण बरेचसे 'बंद' संच खरं तर एका सैल वायरीमुळे किंवा उडालेल्या फ्यूजमुळे बंद असतात. पण फ्यूज दहा-वीस रुपयांचा आणि तो आणायला जव्हारला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, म्हणून उद्यावर ढकललं जातं. तोवर बॅटरी चार्ज न होता पडून राहते आणि खरोखर मरते. दहा रुपयांचा बिघाड असा काही हजारांचा होतो.

सुरुवात डोळ्यांनी करा. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमलीये का? वायर हाताने हलवली की हलते का? उंदराने कुठे कुरतडलीये का? कूड आणि कौलांच्या घरात वायर बहुतेक वेळा वाशावरून जाते, आणि वाशावर उंदरांचाच रस्ता असतो. कंट्रोलरच्या फटीत मुंग्यांनी किंवा पालीने घर केलंय का?

टर्मिनलवरची पूड काढायची तर आधी लोड बंद करा. कंट्रोलरला जोडलेल्या वायरी सोडवताना क्रम लक्षात ठेवा: आधी बल्ब-पंख्याच्या, मग प्लेटच्या, सगळ्यात शेवटी बॅटरीच्या. जोडताना बरोबर उलटं, पहिली बॅटरी. याचं कारण, कंट्रोलर बॅटरी बघून ठरवतो की आपण १२ व्होल्टवर आहोत की २४. बॅटरी नसताना प्लेटचा जास्त व्होल्टेज थेट आत गेला तर तो जळू शकतो. दुरुस्त करायला गेलं आणि कंट्रोलरच गेला, या प्रकारामागे बऱ्याचदा हा क्रम चुकलेला असतो.

मग कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून त्या पाण्याने टर्मिनल पुसा, कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर लावा. पाना वापरताना तो एकाच वेळी दोन्ही टर्मिनलना टेकणार नाही एवढं बघा. हातात कडं किंवा अंगठी असेल तर काढून ठेवा. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण बॅटरी शॉर्ट झाली तर लोखंड लाल होण्याइतका करंट तिच्यात असतो.

आता मल्टिमीटर. साधा डिजिटल मीटर काही शे रुपयांत मिळतो. पाड्यावर एक असला तरी पुरे. डीसी व्होल्टवर लावा आणि सकाळी, रात्रीचे दिवे बंद करून तास-दोन तास झाल्यावर, प्लेटवर ऊन चढायच्या आधी बॅटरी मोजा. १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ किंवा वर असेल तर भरलेली. १२.२ च्या आसपास अर्धी. ११.८ किंवा खाली म्हणजे उतरलेली. दिवसभर चार्ज करूनही सकाळी १०.५ च्या आसपासच अडकत असेल तर आतल्या सहापैकी एक सेल गेलाय असं समजा. मग कितीही चार्ज करा, ती बॅटरी रात्र काढणार नाही.

तोच मीटर तसाच ठेवून भर दुपारी पुन्हा मोजा. निदान करायला ही एक चाचणी सगळ्यात उपयोगी. चार्जिंग होत असेल तर आकडा सकाळपेक्षा ठळक वर गेलेला दिसेल, साधारण १३.५ ते १४.४ पर्यंत. आकडा हलतच नसेल तर वीज बॅटरीपर्यंत पोहोचत नाहीये. मग दोष बॅटरीत शोधायचा नाही. प्लेट, वायर, फ्यूज आणि कंट्रोलर या वाटेवर शोधायचा.

प्लेट तपासायची तर आधी तिच्यावर एखादी जाड गोधडी टाका. उन्हात प्लेट कधीच 'बंद' नसते, तिला बटण नसतं. चालू करंटमध्ये जोड उपसला तर ठिणगी पडते आणि डीसीची ठिणगी लवकर विझत नाही. गोधडी टाकून जोड सोडवा, मीटर लावा, मग गोधडी काढा. प्लेटच्या मागच्या स्टिकरवर 'व्हीओसी' म्हणून आकडा असतो. १२ व्होल्टच्या छोट्या संचात तो २१-२२ असतो, मोठ्या प्लेटला ४० च्या पुढेही असू शकतो. उन्हात त्याच्या जवळपासचा आकडा आला तर प्लेट जिवंत आहे. पण एवढ्यावर प्लेटला पूर्ण मार्क देऊ नका. ढगाळ हवेतसुद्धा व्होल्टेज बऱ्यापैकी दिसतं, कमी होतो तो करंट. त्यामुळे 'व्होल्टेज येतंय म्हणजे प्लेट झकास' हे अर्धं उत्तर झालं.

प्लेट ठीक, बॅटरी ठीक, तरी दुपारी आकडा वर जात नाही? मग फ्यूज बघा. तो उडाला असेल तर त्याच ॲम्पियरचा दुसरा लावा. तांब्याची तार गुंडाळून काम भागवायची आपल्याकडे जुनी सवय. फ्यूजचं काम स्वतः जळून बाकीचं वाचवायचं असतं. तिथे तार लावली की जळायची पाळी कंट्रोलरवर येते, किंवा घरावर. फ्यूजही ठीक असेल तर उरतो कंट्रोलर, आणि तो उघडून बसण्यापेक्षा बदलणं सोपं.

लिथियम बॅटरी असेल तर वरचे आकडे तिला लागू नाहीत. तिच्यात पाणी घालायचं नसतं, आत एक छोटं सर्किट असतं जे फार उतरली की पुरवठा तोडून टाकतं. त्यामुळे मीटर शून्य दाखवला म्हणून ती लगेच भंगारात काढू नका. योग्य कंट्रोलरवर, चांगल्या उन्हात जोडल्यावर ती पुन्हा जागी होऊ शकते.

बल्ब मंद का जळतो?

याचं उत्तर बऱ्याच वेळा वायरीत असतं. घरगुती २३० व्होल्टला चालणारी बारीक वायर १२ व्होल्टला चालत नाही. समजा बॅटरीपासून पंखा आणि दिवे १० मीटरवर आहेत आणि एकूण ५ ॲम्पियर जातोय. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर जाऊन-येऊन २० मीटरमध्ये साधारण १.२ व्होल्ट वाटेतच संपतात. म्हणजे दहातला एक हिस्सा वायर तापवण्यात. चार चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर गळती अर्ध्या व्होल्टच्या आत येते. नवीन घरकुल बांधलं, जुन्या घरातली बॅटरी तिथेच ठेवून वायर वाढवली आणि दिवे मंद झाले, तर दोष हाच असणार.

सावली, साग आणि डिसेंबर

प्लेटमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात, शेतात एकाच पाइपातून पाणी सोडावं तसे. पाइप एका जागी दाबला तर शेवटी पाणी कमीच येणार. प्लेटच्या कोपऱ्यावर एका फांदीची सावली पडली तर नुकसान त्या कोपऱ्यापुरतं राहत नाही.

यात एक गंमत आहे. जव्हार साधारण २० अक्षांशावर. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, पण डिसेंबरमध्ये भर दुपारीही तो दक्षिणेकडे बराच कललेला. उन्हाळ्यात प्लेट बसवली तेव्हा दक्षिणेच्या सागाची किंवा आंब्याची सावली कुठेच नव्हती. थंडी आली तशी ती प्लेटवर आली आणि घरचे म्हणाले, थंडीत सोलर कमी चालतं. थंडीचा दोष नाही, प्लेटला तर थंड हवा मानवते. फांदी छाटा किंवा प्लेट सरकवा.

मार्च ते मे रस्त्याची आणि शेताची धूळ बसते. पंधरा दिवसांतून एकदा सकाळी लवकर साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे. लांब काठीला फडकं बांधा, कौलांवर चढू नका. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नका. पावसाळ्यात पाऊसच धुतो असं वाटतं, पण खालच्या कडेला शेवाळ धरतं. तेवढं काढा.

पावसाळ्याचं गणित

जव्हारचा पाऊस प्रसिद्ध आहे. पर्यटक धुकं आणि धबधबे बघायला येतात, सोलरवाल्या घराचा मात्र तोच परीक्षेचा काळ.

२०० वॅटची प्लेट स्वच्छ दिवशी वायर, कंट्रोलर आणि बॅटरीतली गळती धरून साधारण ६०० वॅट-तास हाताशी देते. सात वॅटचे पाच बल्ब पाच तास लावले तर १७५, पंचवीस वॅटचा पंखा आठ तास चालला तर २००, दोन-तीन मोबाइल मिळून ४५. एकूण ४२०. आरामात बसतं.

जुलैमध्ये आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. उत्पादन चौथाईवर आलं असं धरा, म्हणजे १५०. दोन बल्ब पाच तास आणि मोबाइल, मिळून ११५. एवढंच परवडतं. पंखा बंद.

हे गणित न करता नेहमीसारखं वापरलं तर बॅटरी रोज खाली जाते आणि रोज अर्धवट भरते. लेड-ॲसिड बॅटरी आठवडे-महिने उतरलेली राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर धरतो आणि ती पुन्हा पूर्ण भरतच नाही. बॅटरी बंद पडते दिवाळीत, पण मेलेली असते श्रावणात. म्हणून पावसाळ्यात मोबाइल दुपारीच चार्ज करा, आणि कंट्रोलरने लाल दिवा दाखवून पुरवठा तोडला तर तो निर्णय माना.

न मानण्याची एक पद्धत सगळीकडे आहे: 'डायरेक्ट'. कंट्रोलर बाजूला काढून बल्ब थेट बॅटरीला. कधी टीव्हीसाठी, कधी लग्नात स्पीकरसाठी. त्या रात्री काम होतं, नाकारण्यात अर्थ नाही. पण कंट्रोलर म्हणजे बॅटरीचा राखणदार. तो काढला की बॅटरी किती उतरावी आणि किती भरावी, याला कुणी विचारणाराच उरत नाही. उन्हाळ्यात तीच बॅटरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते.

दिवाळीनंतर घर बंद, मग बॅटरीचं काय?

देखभालीच्या कुठल्याच पुस्तिकेत न सापडणारा हा भाग आहे. जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं भातकापणी आणि दिवाळी आटोपली की भिवंडी, वसई, वाडा, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. पाच-सहा महिने घराला कुलूप. योजना आखताना मात्र असं धरलेलं असतं की घरात बारा महिने कुणीतरी आहे.

चोरीच्या भीतीने जाताना प्लेट काढून आत ठेवतात. भीती रास्त आहे. पण प्लेटशिवाय लेड-ॲसिड बॅटरी आपोआप हळूहळू उतरते आणि सहा महिन्यांत निकामी होऊ शकते. प्लेट ठेवली आणि पाणी बघितलं नाही, तर मार्च-एप्रिलच्या उन्हात आतलं पाणी आटतं.

मग करायचं काय? जाण्याआधी बॅटरीचं पाणी खुणेपर्यंत भरा. पाणी म्हणजे फक्त डिस्टिल्ड वॉटर. विहिरीचं, बोअरचं, बाटलीतलं नाही, आणि ॲसिड तर मुळीच नाही. बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून मग पाणी भरा, कारण चार्ज होताना पातळी वर येते. सगळा लोड बंद करा, प्लेट कंट्रोलरला जोडलेली राहू द्या. पाड्यावर म्हातारी माणसं मागे राहतात, त्यांच्यापैकी कुणाला महिन्याने एकदा नजर टाकायला सांगा. प्लेट काढणं भागच असेल तर बॅटरी ज्याच्याकडे सोलर चालू आहे अशा घरात ठेवून अधूनमधून चार्ज करून घ्या. लिथियम असेल तर काम सोपं: अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली ठेवा, सगळ्या वायरी सोडवा, सावलीत ठेवा.

ऑन-ग्रिडवाल्यांनी काय बघायचं?

तुमच्याकडे बॅटरी नाही, त्यामुळे कटकट बरीच कमी. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर किंवा ॲपवर रोजचे युनिट बघा. १ किलोवॅटला चांगल्या दिवशी ४ युनिटच्या आसपास यायला हवेत. भर पावसात ते निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली येतील, त्याने घाबरू नका.

लाइट असताना दुपारीच इन्व्हर्टर वारंवार बंद होत असेल तर स्क्रीनवरचा कोड मोबाइलवर टिपून ठेवा. गावाकडच्या लांब लाइनवर दुपारी वापर कमी असतो, व्होल्टेज वाढतं आणि इन्व्हर्टर स्वतःला तोडतो. ही तक्रार महावितरणकडे करायची, बसवणाऱ्याकडे नाही. फक्त पाऊस पडल्यावरच बंद पडत असेल तर बहुधा छपरावरच्या एखाद्या जोडात पाणी शिरलंय. ती तक्रार बसवणाऱ्याकडे. तिथे स्वतः हात घालू नका, कारण या प्लेटांच्या एकत्र जोडणीत काही शे व्होल्ट डीसी असू शकतो. आणि वळवाच्या विजांआधी अर्थिंग बघून घ्या, घाटमाथ्यावरच्या घराने तर नक्कीच.

दुरुस्त करणार कोण?

आयआयटी मुंबईने २०१४ पासून दहा लाख सौर अभ्यासदिव्यांचा प्रकल्प राबवला. महाराष्ट्रासह चार राज्यांत विद्यार्थ्यांना १२० रुपयांत दिवा. त्यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की दिव्यांची जुळणी आणि दुरुस्ती त्याच भागातल्या लोकांना शिकवली, दुरुस्ती केंद्रंही तिथेच ठेवली. जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत २०१२ मध्ये पुण्याच्या 'ग्राम ऊर्जा'ने गावापुरता सोलर ग्रिड उभारला. सुमारे ४० घरं. तिथे वीज फुकट नाही. घराघरात मीटर आहेत, लोक वापरानुसार पैसे भरतात आणि ते देखभालीसाठी गावाकडेच राहतात.

मला यात दरेवाडीची रीत जास्त पटते. फुकट मिळालेल्या संचाला सहाव्या वर्षी कुणी वाली नसतो, पण महिन्याला घरटी थोडे पैसे जमवणाऱ्या पाड्याला बॅटरी मरणार हे आधीपासून माहीत असतं. स्थलांतर करणाऱ्या घराला दरमहा पैसे भरणं कठीण, हेही खरं. तिथे दुसरी वाट बघता येईल. दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात आहेत आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट ग्रामपंचायतींकडे येतो. मल्टिमीटर, फ्यूज, एक-दोन जादा कंट्रोलर, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणि गावातल्या एका-दोघांचं प्रशिक्षण, हा विषय ग्रामसभेत मांडण्याइतका मोठा नक्कीच आहे. केंद्राचं 'सूर्यमित्र' हे तीन महिन्यांचं प्रशिक्षण २०१५ पासून आहे. आयटीआय झालेल्या मुलामुलींना ते घेता येतं. ते शिकून सगळेच मुंबई-नाशिककडे जाणार असतील तर पाड्याला उपयोग नाही, म्हणून गावातल्या कामाचा थोडाफार मोबदलाही ठरवायला हवा.

संच अजून पाच वर्षांच्या आत असेल तर मात्र स्वतः खर्च करू नका. कंट्रोलर आणि बॅटरीवरचे सीरियल नंबर, बसवल्याची तारीख आणि मिळालेला कागद यांचे फोटो काढून घरातल्या दोन मोबाइलमध्ये ठेवा. फोनवर तक्रार केली तरी एक लेखी द्या आणि पोच घ्या. महावितरणचा क्रमांक १९१२, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आदिवासी योजनेतून मिळालेला संच असेल तर जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात कंत्राटदाराचं नाव आणि हमीची मुदत लेखी विचारा. माहिती अधिकारातही ती मागता येते.

आणि बॅटरी खरोखरच गेली असेल तर ती फोडू नका. भंगारवाला कधीकधी दारातच ॲसिड ओतून फक्त शिसं नेतो. ते ॲसिड आणि त्यातलं शिसं मातीत आणि पुढे विहिरीत जातं, आणि मोखाड्यात उन्हाळ्यात विहिरीचं पाणी काय किमतीचं असतं हे वेगळं सांगायला नको. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवीन बॅटरी घेताना जुनी अखंड दुकानदाराला द्या, तिची किंमत बिलात वजा करून घ्या आणि नव्या बॅटरीच्या वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का तिथेच मारून घ्या.